शेजारी बसलेली वैमानिक

अमेलिया एअरहार्ट म्हटलं की १९३७ साली पॅसिफिकवर तिचं नाहीसं होणं आठवतं. मला मात्र ती आवडते ती १९२८ सालच्या एका उड्डाणासाठी. गंमत म्हणजे, ते विमान तिने चालवलंच नव्हतं!

१७ जून १९२८ रोजी न्यूफाउंडलंडमधल्या ट्रेपासीहून 'फ्रेंडशिप' नावाचं तीन इंजिनांचं फोकर विमान अटलांटिक ओलांडायला निघालं. वैमानिक विल्मर स्टुल्झ, मेकॅनिक लुई गॉर्डन, आणि तिसरी अमेलिया. परवाना तिच्याकडे १९२३ पासून होता. पण वाट बहुतेक ढगांतून, आणि नुसत्या उपकरणांवर विमान नेण्याचा सराव तिला नव्हता. त्यामुळे ती नोंदवही लिहीत बसली. अंधारात ओळ चुकू नये म्हणून डाव्या हाताचा अंगठा कागदावर ठेवून लिहायची म्हणे.

रेडिओ बंद पडला. खाली 'अमेरिका' नावाचं जहाज दिसलं, तेव्हा आपण कुठे आहोत हे विचारणारी चिठ्ठी संत्र्याला बांधून खाली टाकली. नेम चुकला! दुसरं संत्रंही समुद्रातच गेलं. शेवटी २० तास ४० मिनिटांनी वेल्समधल्या बरी पोर्टला ते पाण्यावर उतरले.

विमानाने अटलांटिक ओलांडणारी पहिली स्त्री म्हणून सगळा गाजावाजा तिचाच झाला. ती मात्र सांगत राहिली, की मी म्हणजे नुसतं सामान, बटाट्याचं पोतं! राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्या अभिनंदनाच्या तारेलाही तिने उत्तर दिलं, की हे यश पूर्णपणे स्टुल्झच्या कौशल्याचं आहे.

मला वाटतं, हे फक्त वैमानिकच इतक्या ठामपणे सांगू शकतो. साध्या प्रवाशाला ढग म्हणजे खिडकीबाहेरचा पांढरा रंग. शेजारी बसलेल्या वैमानिकाला मात्र त्यातला प्रत्येक मिनिट मोजता येतो, आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसावं लागतं. पण पलीकडच्याने नेमकं काय केलं, याचा खरा साक्षीदारही तोच.

तिला ते पोतं चार वर्षं टोचत असावं. मे १९३२ मध्ये तिने हार्बर ग्रेसहून एकटीने विमान नेलं आणि सुमारे १५ तासांनी उत्तर आयर्लंडमधल्या एका कुरणात उतरवलं. स्टुल्झ ते पाहायला नव्हता. जुलै १९२९ मध्येच तो विमान अपघातात गेला.

आता सांगा, 'फ्रेंडशिप' कोणी चालवलं असं विचारलं तर किती जणांना त्याचं नाव आठवेल? तिने तर ते सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.