परवाना आणि वार्धक्य

नागपुरातून विभक्त होऊन वर्धा जिल्हा ज्या १८६२ साली अस्तित्वात आला, त्याच साली हॉलंडमधील उत्रेख्त येथील नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन याने उतरत्या अक्षरांचा आपला प्रख्यात तक्ता प्रसिद्ध केला. आणि १८६७ मध्ये जी. आय. पी. रेल्वेचा रूळ वर्ध्यावरून नागपुरास पोहोचला, तेव्हा यंत्राबरोबरच यंत्र हाकणाऱ्याच्या देहाची पारख करण्याची निकडही या कापसाच्या मुलखात येऊन दाखल झाली. दमणी हाकणाऱ्या वृद्धाची नजर मंदावली तरी बैलांना घरची वाट ठाऊक असे. इंजिनाला ती सोय नव्हती. स्वीडनमध्ये लागरलुंडा येथे १८७५ साली आगगाड्यांची टक्कर झाल्यानंतर होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाने रंगीत लोकरीच्या लडींनी रेल्वेनोकरांची रंगदृष्टी तपासण्याचा प्रघात पाडला, आणि तांबडा व हिरवा यांतील भेद ओळखणे ही चाकरीची एक अट होऊन बसली.

मोटारी आल्या तेव्हा १९१४ च्या कायद्याने चालकास परवाना आवश्यक ठरविला आणि वयाची किमान मर्यादा अठरा वर्षे केली. कमाल मर्यादेचा विचार त्या काळी कोणास सुचण्याजोगा नव्हता. १९३९ च्या कायद्याने मात्र अपस्मार, घेरी आणणारा हृद्रोग, पंचवीस यार्डांवरील अक्षरे व आकडे न दिसणे, रहदारीचे इशारे ऐकू न येणे अशा अपात्रतांची यादीच जोडली. पगारी चालकाला आणि वाहतुकीची गाडी हाकणाऱ्याला डॉक्टरचा दाखला जोडणे भाग होते, तर स्वतःची मोटार स्वतः चालविणाऱ्या मालगुजाराला प्रकृतीविषयी स्वतःचे निवेदन पुरत असे. देहाची तपासणी सक्तीची झाली ती प्रथम नोकराच्या, धन्याच्या नव्हे. आणि वार्धक्य तर उभयतांस सारखेच गाठते.

१९८८ च्या कायद्याने व त्याखालील १९८९ च्या नियमांनी ही तफावत पुष्कळशी कमी केली. चाळिशी उलटलेल्या अर्जदाराने नमुना १-अ मधील वैद्यकीय दाखला द्यावा, पंचवीस मीटरवरील गाडीचा क्रमांक त्याला वाचता यावा, रातांधळेपणा व बहिरेपणा यांची चौकशी व्हावी, असा दंडक आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीनुसार पंचावन्न वर्षांनंतर खाजगी वाहनाच्या परवान्याचे नूतनीकरण पाच पाच वर्षांच्या मुदतीने होते. परंतु हा नमुना मुख्यतः इंद्रियांचा हिशेब मागतो. निर्णयशक्तीविषयी तो जवळजवळ मौन पाळतो.

वार्धक्यवैद्यकाचे जाणकार नेमके तेथूनच सुरुवात करतात. काचबिंदूने दृष्टिक्षेत्राच्या कडा खाऊन टाकल्या तरी समोरचा क्रमांक स्वच्छ वाचता येतो, म्हणून ते बाजूची दृष्टीही पाहतात. मान मागे वळते काय, पाऊल ब्रेकवर वेळेत पोहोचते काय, झोपेच्या गोळ्या वा इन्सुलिन चालू आहे काय, हे विचारतात. आकडे व अक्षरे आळीपाळीने जोडावयास लावून अवधान पारखतात, घड्याळ काढावयास सांगतात. आणि परिचित रस्ता चुकला होता काय, गाडीला नवे ओरखडे पडले आहेत काय, याची विचारपूस घरच्या मंडळींकडे करतात. यांपैकी कोणतीही एक चाचणी निर्णायक नव्हे, आणि केवळ वय तर मुळीच नव्हे. शंका उरल्यास प्रत्यक्ष रस्त्यावरील परीक्षा हाच उत्तम निवाडा.

अशी पारख करण्यास वर्धा जिल्ह्याइतकी अनुकूल भूमी क्वचितच सापडेल. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय गांधीजींच्या हयातीत उभे राहिले, आणि १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने तेथेच स्थापन झालेल्या वैद्यकीय संस्थेने आपल्या विद्यार्थ्यांना प्रथम वर्षातच खेड्यात मुक्कामास पाठवून एकेका कुटुंबाशी परिचय करून घेण्याची शिस्त घातली. रोग्याला त्याच्या घरासह ओळखणारा वैद्य ही त्या शिस्तीची फलश्रुती, आणि वृद्ध चालकाला आज अशाच वैद्याची आवश्यकता आहे. येळाकेळीपाशी समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा असताना ती अधिकच तीव्र झाली आहे.

तथापि परवाना काढून घेणे म्हणजे आर्वी वा कारंजा तालुक्यातील एखाद्या म्हाताऱ्याचे शेत, बाजार आणि दवाखाना यांच्याशी असलेले नाते तोडणेही होऊ शकते. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला, ही मोठी सोय खरी. पण तिचा लाभ गावापर्यंत वेळेवर गाडी येईल तरच. म्हणून दाखल्यावर सही करणाऱ्याने नकार देताना पर्यायी मार्गही सांगावा, आणि शासनाने तो मार्ग चालू ठेवावा. अन्यथा रस्त्यावरील जीव वाचविण्यासाठी केलेली तपासणी घरात बसलेल्या वृद्धाचे जिणे मात्र उणे करील.