दीड टनाचा एसी, पण टन कशाचा?

मंडळी, एसी घ्यायला दुकानात गेलं की विक्रेता पहिला प्रश्न विचारतो, "एक टन की दीड टन?" आपणही खोलीची लांबी-रुंदी सांगतो आणि "दीड" म्हणून मोकळे होतो. पण टन कशाचा? एसीच्या वजनाचा तर नक्कीच नाही, नाहीतर भिंतीसकट खाली आला असता :-)

हा टन बर्फाचा आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे २००० पौंड किंवा ९०७ किलो बर्फ, २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो तितकी उष्णता उपसून बाहेर टाकणारं यंत्र म्हणजे एक टनाचं यंत्र. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. गुणाकार-भागाकार केला की साधारण साडेतीन किलोवॉट येतात. थोडक्यात, दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने दिवस-रात्र चालवणं म्हणजे रोज जवळजवळ साडेतेराशे किलो बर्फ खोलीत आणून वितळवणं. सुरुवातीच्या यंत्रांची स्पर्धा खऱ्याखुऱ्या बर्फाशी होती, म्हणून त्यांची ताकदही बर्फात मोजली गेली. इंजिनाची घोड्यांत मोजली, तसंच.

आता हा बर्फ आणि हे यंत्र आलं कुठून, ही गोष्ट मला सांगावीशी वाटते. कारण तिचा एक धागा आमच्या वऱ्हाडातून जातो.

मी शेगावचा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला तरी तिथे कुणाला फारसं नवल वाटत नाही. त्यामुळे थंडाव्याचं तंत्र आमच्याकडे घरोघरी. माठ, खिडकीला वाळ्याच्या ताट्या, आणि आता धडधडणारा कूलर. तिन्हींमागचं गणित एकच: पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असली की हे झकास चालतं. (मुंबईच्या दमट हवेत तोच माठ रुसून बसतो.) "फ्रिजचं पानी काऊन पेतं रे? माठातलं पे ना बाप्पा!" हे आजीचं वाक्य थर्मोडायनॅमिक्सच्या दृष्टीनेही बरोबर आहे.

पण माठाला मर्यादा आहे. कितीही वारा द्या, ठराविक तापमानाच्या खाली तो जात नाही. बर्फ तर दूरच.

यंत्राशिवाय बर्फ करण्याची एक युक्ती उत्तर भारतात होती. हिवाळ्याच्या निरभ्र, कोरड्या रात्री उघड्या शेतात पेंढ्यावर उथळ मातीची भांडी मांडायची. पाण्यातली उष्णता वर आकाशात निघून जाते, थोडी वाफ होते, आणि पहाटे वर बर्फाची पापडी धरते. अलाहाबादला असा बर्फ कसा करतात याचं वर्णन रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं होतं. मुंबईला मात्र ना कोरडी हवा, ना तशी थंडी.

मग मुंबईला बर्फ आला तो चक्क अमेरिकेतून! बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून विकायचा धंदा उभा केला होता. १८३३ मध्ये त्याचं 'टस्कनी' हे जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं. तेव्हा साधारण १०० टन शिल्लक होता. विषुववृत्त दोनदा ओलांडून! सगळी करामत लाकडाच्या भुशाची. भुशात अडकलेली हवा उष्णता आत येऊ देत नाही. शेगावचा गोळेवाला आपली लादी भुसा टाकून गोणपाटात गुंडाळतो, तो ट्यूडरचाच फॉर्म्युला.

१८३४ मध्ये हा बर्फ मुंबईत उतरला. त्याच वर्षी जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिलं. यजमान आणि पाहुणे सगळे सर्दीने आजारी पडले अशी बातमी 'मुंबई समाचार'ने छापली, आणि बरी अद्दल घडली असा शेराही मारला म्हणे. पुढे मुंबई, मद्रास, कलकत्त्याला बर्फघरं बांधली गेली. मद्रासचं अजून उभं आहे. पुढे विवेकानंद १८९७ मध्ये तिथे उतरले, म्हणून आता ते त्यांच्या नावाने ओळखतात. पण हा बर्फ होता साहेबाच्या ग्लासात आणि शेठच्या ताटात. बंदरापासून दूर, बाकीच्यांना माठ.

गंमत बघा, याच १८३४ साली लंडनमध्ये जेकब पर्किन्सने बर्फाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याची कल्पना सोपी करून सांगायची तर असा माठ, जो उडालेलं पाणी परत गोळा करतो. पाण्याऐवजी ईथर, कारण ते पटकन उडतं. बंद नळीत त्याची वाफ होऊ द्यायची, ती उष्णता खेचून घेते. मग पंपाने वाफ दाबायची, बाहेर थंड करून पुन्हा द्रव करायची, पुन्हा आत सोडायची. ईथर बंद नळीत फिरत असल्याने बाहेरची हवा कोरडी की दमट, हा प्रश्नच मिटला. तुमच्या घरातला फ्रिज आजही हेच करतो, फक्त आत ईथर नाही.

तरी पुढची पंचवीस वर्षं यंत्र काही चाललं नाही. फ्लोरिडातल्या जॉन गोरी या डॉक्टरने तापाच्या रोग्यांसाठी बर्फाचं यंत्र केलं, १८५१ मध्ये पेटंट मिळवलं, पण पैसा उभा राहिला नाही. तळ्यातला बर्फ मिळत असताना यंत्रावर पैसे कोण लावणार? हे आपल्या धंद्यातही दिसतं. जुनी सिस्टीम चालतेय तोवर नवीला बजेट मिळत नाही :-)

जुनी सिस्टीम बंद पाडली ती युद्धाने. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली, आणि एकाच वेळी दोन गोष्टी थांबल्या. दक्षिणेचा कापूस बाहेर जाईना आणि उत्तरेचा बर्फ दक्षिणेत येईना.

बर्फाचं काय झालं? फ्रान्सच्या फर्डिनांड कारेने १८५९ मध्ये अमोनियावर चालणारं यंत्र काढलं होतं. त्यात कॉम्प्रेसर नाही. अमोनिया मुरलेलं पाणी तापवायचं, वायू सुटतो, थंड पाण्याने त्याचा द्रव होतो, तो उडताना थंडी करतो आणि पुन्हा पाण्यात विरघळतो. खाली जाळ, वर बर्फ! नाकेबंदी चुकवून अशी यंत्रं दक्षिणेत आली, टेक्सासच्या सॅन अँटोनियोत चालली. तिथे डॅनियल होल्डनने १८६५ च्या सुमारास त्यात सुधारणा केल्या. युद्ध संपलं तरी यंत्रं राहिली, कारखाने निघत गेले.

आणि कापसाचं? लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि सगळ्यांच्या नजरा वऱ्हाडाकडे वळल्या. भाव आभाळाला टेकले, मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं तसा तो ओसरला, शेअरबाजार कोसळला. १८६७ मध्ये शेगाववरून जाणारा लोहमार्ग नागपूरला पोचला. १८७० मध्ये लॉर्ड मेयोने खामगावला कापसाचा बाजार आणि जलंबहून येणारा फाटा सुरू करून दिला.

एकाच युद्धाने दोन टंचाया निर्माण केल्या. एकीने टेक्सासला यंत्र दिलं. दुसरीने वऱ्हाडाला काय दिलं? कच्चा माल लवकर बंदरावर नेणारी गाडी. वऱ्हाडी माणूस हुशारीत कमी होता असं नव्हे. टेक्सासची टंचाई त्यांची स्वतःची होती, म्हणून उपायही त्यांच्या दारात आला. आमच्याकडे आली ती लँकेशायरची टंचाई, मग उपायही लँकेशायरच्याच सोयीचा.

यंत्राचा बर्फ हिंदुस्थानातही आला, अर्थात बंदरांतच आधी. कलकत्त्याची बेंगाल आइस कंपनी १८७८ ची. (शेगावात १८७८ म्हटलं की गजानन महाराजांच्या प्रकट होण्याचं साल, बर्फ कुणाच्या डोक्यातही येत नाही.) पुढच्या काही वर्षांत ट्यूडरच्या बर्फाची जहाजं इकडे यायची थांबली.

वऱ्हाडाच्या कापसाला जवळची मोठी गिरणी मिळाली ती १ जानेवारी १८७७ ला, जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल. तिथे अडचण आली हवेची. जी कोरडी हवा माठ गार करते, तीच सूत तोडते. म्हणून गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवावी लागली. हीच अडचण अमेरिकेतल्या सूतगिरण्यांना होती, आणि ती सोडवताना स्टुअर्ट क्रेमर या गिरणी-इंजिनिअरने १९०६ मध्ये एक शब्द वापरला: एअर कंडिशनिंग.

तर मंडळी, एसीचं माप बर्फाचं आणि नाव कापसाच्या गिरणीतलं. आमच्याकडे कापूस अजून पिकतो. आणि त्यातला बराचसा अजूनही गाठी बांधून बाहेरच जातो.