दानधर्म आणि राज्यधर्म

आहार, औषध, अभय आणि ज्ञान या चतुर्विध दानांची परंपरा जैन समाजात प्राचीन काळापासून चालत आली आहे. परंतु दात्यांच्या औदार्याने शासनाच्या कर्तव्याची जागा भरून निघू शकेल काय? या प्रश्नाचे उत्तर कोल्हापूर-साताऱ्याच्या शैक्षणिक इतिहासात सापडते.

सन १९०१ पासून राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम आदी समाजांची वसतिगृहे एकामागून एक उभी राहिली. समाजाने देणग्या दिल्या, दरबारने साहाय्य केले. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत तेथील जैन बोर्डिंगमध्येच राहिले होते.

तथापि, वसतिगृहाचा लाभ शिक्षणासाठी घराबाहेर पडलेल्या मुलालाच मिळे. ज्या गावात शाळा नव्हती, ज्या जातीत धनिक दाता नव्हता, तेथील मुलांचे काय? महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंडाची तरतूद केली. दाता विनंती करू शकतो. सक्ती करण्याचा अधिकार आणि प्रत्येक गावापर्यंत पोहोचण्याची बांधिलकी मात्र राज्याचीच असते.

साताऱ्याच्या ब्रिटिश मुलखात असा राजा नव्हता. तेथे भाऊरावांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. हा त्याग वंदनीय खरा. परंतु एका माउलीच्या दागिन्यांवर साऱ्या जिल्ह्याचे शिक्षण किती दिवस चालणार? पुढे संस्थेने खेडोपाडी काढलेल्या शेकडो प्राथमिक शाळा स्वातंत्र्यानंतर शासकीय व्यवस्थेकडे सोपविण्यात आल्या. संस्थेने आपले लक्ष माध्यमिक शाळा व महाविद्यालयांकडे वळविले.

या इतिहासाचा जमाखर्च मांडला तर दोन्ही बाजू स्पष्ट दिसतात. जेथे शासन पोहोचत नाही तेथे दान आधी पोहोचते, नवी वाट पाडते. पण दान दात्याच्या इच्छेवर आणि ऐपतीवर अवलंबून असते. बाजार मंदावला की देणगीही आटते. भूक, आजार आणि अज्ञान मात्र मंदी पाहून थांबत नाहीत. शिवाय दान घेणाऱ्याला हात पसरावा लागतो, हक्क घेणारा ताठ मानेने उभा राहतो. म्हणून समाजाने दान अखंड चालू ठेवावे. परंतु त्याच्या आडोशाने शासनाला कर्तव्यमुक्त करू नये.