मोट, जोडा आणि बॅग : तिवसा परिसरातील चर्मव्यवसाय

अमरावती जिल्ह्याच्या पूर्वेला, वर्धा नदीच्या बाजूला तिवसा तालुका आहे. कापूस, ज्वारी, तूर आणि संत्री पिकवणाऱ्या या भागात बैल हाच शेतीचा आधार होता, आणि बैल मेल्यावर त्याचे कातडेही शेतीच्याच कामी येई. विहिरीवरची मोट, औताच्या वाद्या, आसूड, जोडे, पाण्याची पखाल, तेलातुपाचे बुधले या साऱ्या वस्तू चामड्याच्या. खांद्याला लावायची शहरी बॅग इकडे फार उशिरा आली. तिला लागणारे कसब मात्र जुनेच होते. पाण्याने भरलेली मोट दिवसभर वर-खाली होई. तिच्या शिवणीतून पाणी गळले तर बागायत सुके. म्हणून मोट शिवणाऱ्याचा हात पक्का लागे.

कामाची वाटणी जातीने ठरलेली होती. मेलेले जनावर ओढून नेणे आणि सोलणे महारांवर लादलेले. कातडे कमावणे ढोर आणि चांभारांकडे. जोडे आणि मोटा शिवणे चांभारांकडे. मोबदला बलुत्याच्या रूपाने खळ्यावर धान्यात मिळे. वस्तूची गावात गरज होती, करणाऱ्याची वस्ती मात्र गावाबाहेर होती.

कमावण्याची गावठी पद्धत वेळखाऊ, पण उत्तम चामडे देणारी होती. कातडे आधी धुऊन चुन्याच्या पाण्यात बुडवत, त्यामुळे केस सैल होत. केस आणि आतल्या बाजूचे मांस खरवडून काढले की चुना धुऊन टाकत. मग बाभळीची साल कुटून तिचा काढा करत. हिरडा आणि तरवडाची सालही वापरात होती. यापुढची पायरी पाहण्यासारखी असे. कातड्याच्या कडा शिवून त्याचीच पिशवी करत, ती लाकडी घोडीला टांगत आणि तोंडापर्यंत साल व काढा भरत. काढा कातड्यातून हळूहळू पाझरून खालच्या भांड्यात पडे; तोच पुन्हा वर ओतत. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगत, म्हणजे वरचा भागही सारखा कमावला जाई. शेवटी तेल चोळून चामडे मऊ करत.

चामड्याची प्रत मात्र जनावर जिवंत असतानाच ठरू लागते. तुतारीच्या आरेचे टोचे, जुवाने घट्टा पडलेली मान, दुखण्यावर दिलेले डाग, गोचिडांच्या खुणा हे सारे कमावल्यावरही दिसते. नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराचे रक्त अंगातच राहते. वऱ्हाडच्या उन्हात असे जनावर लवकर कुजते. सोलायला उशीर झाला किंवा मीठ वेळेवर लावले नाही तर केसांच्या मुळाशी कातडे सडते. सोलताना सुरी घसरली तर मागून चीर पडते. चांगली बॅग करणारा म्हणूनच पाठीचा घट्ट भाग दर्शनी बाजूला घेतो आणि पोटाकडचा सैल, ताणणारा भाग टाळतो. दुमडायची कड रापीने पातळ तासतो, आरीने सारख्या अंतरावर भोके पाडतो आणि मेण लावलेला दोरा दोन्ही बाजूंनी ओढून टाका घट्ट करतो. असा टाका एका ठिकाणी तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही.

1867 मध्ये रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली आणि कच्च्या कातड्याला दूरची बाजारपेठ मिळाली. मुंबई, मद्रास आणि कानपूर इथे मोठे कारखाने उभे राहत होते. पुढे विसाव्या शतकात क्रोमियमच्या क्षारांनी कमावण्याची पद्धत देशात रुजली. बाभळीच्या सालीला आठवडे लागत. क्रोमला थोडे दिवस पुरत, आणि चामडेही मऊ, रंग धरणारे मिळे. गावातून कातडे बाहेर जाऊ लागले आणि त्यावरची मोठी कमाई शहरात होऊ लागली.

हा प्रवाह उलटवण्याचा प्रयत्न वर्धा नदीपलीकडे झाला. 1934 मध्ये गांधीजींनी वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापला, जे. सी. कुमारप्पा त्याचे संघटक होते. वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबांचे सहकारी गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालवले. कत्तलीच्या नव्हे, आपोआप मेलेल्या जनावरांचे चामडे तिथे कमावत. हाडे आणि मांस खताला, शिंगे वस्तूंना आणि कातडे जोड्यांना, असा काहीही वाया न घालवण्याचा विचार त्यामागे होता. सवर्ण कार्यकर्त्यांनी स्वतः हे काम हाती घेणे हाही त्याचाच भाग होता.

दुसरी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. मार्च 1927 मध्ये महाडला त्यांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी 13 नोव्हेंबरला अमरावतीत वऱ्हाडच्या अस्पृश्य परिषदेचे ते अध्यक्ष होते. मेलेली जनावरे ओढणे सोडल्याने उत्पन्न बुडते, या हिशोबाचा त्यांनी नागपूरच्या 1956 च्या भाषणातही समाचार घेतला: उत्पन्न इतके मोठे असेल तर ते इतरांनी घ्यावे. वऱ्हाडातल्या अनेक गावांत हे काम टाकले गेले. नालवाडीने धंद्याला प्रतिष्ठा देऊ पाहिली; आंबेडकरी चळवळीने जन्माने लादलेला धंदाच नाकारला.

स्वातंत्र्यानंतर इंजिन आणि विजेचे पंप आले, मोट गेली, बलुतेही संपले. चर्मकारांसाठी राज्य सरकारने 1974 मध्ये महामंडळ स्थापन केले; त्याला संत रोहिदासांचे नाव आहे. रस्त्याकडेला बसणाऱ्या गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देण्याची योजनाही आहे. अशा स्टॉलवर आज रेक्झिनच्या बॅगांच्या चेन, बक्कल आणि पट्टे दुरुस्त होतात. नवी वस्तू घडवण्याचे काम क्वचित येते.

महाराष्ट्रातील चामडी बॅगांचे मोठे केंद्र धारावी आहे. तिथे कापणारा, कड तासणारा, चिकटवणारा आणि मशीन मारणारा असे कारागीर वेगवेगळे असतात. त्यांत तमिळ, बिहारी आणि मराठी सारे आहेत. कमावलेले चामडे मुख्यतः बाहेरच्या राज्यांतून येते. 2015 मध्ये राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. त्यानंतर व्यवसायाची भिस्त म्हैस, शेळी आणि मेंढीच्या कातड्यावर अधिक आहे. राज्यातल्या बैलाचे कायदेशीर कातडे आता मेलेल्या जनावरापासूनच मिळते, आणि ते वेळेवर, न चिरता सोलणारे हात मात्र गावात फार थोडे उरले आहेत.