दार, पडदा आणि खिसा : मुलांवरील पहाऱ्याचा एक इतिहास

जुन्या जालन्यातील आमच्या महाविद्यालयात दर वर्षी पालक मेळावा भरतो. व्यासपीठावर हजेरी, शिस्त आणि निकाल यांवर भाषणे होतात. मेळावा संपला की चहाच्या वेळी पालक आम्हां मराठीच्या प्राध्यापकांना बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारतात : "सर, मोबाइल हातात द्यावा की काढून घ्यावा?" संगणक विभागाला सोडून हा प्रश्न आम्हाला का विचारला जातो, याचे पूर्वी आश्चर्य वाटे. आता वाटत नाही. तरुणांच्या हाती काय पडावे आणि काय पडू नये, या चिंतेला मराठीत किमान दीडशे वर्षांचा लेखी इतिहास आहे आणि तो आमच्याच अभ्यासक्रमात विखुरलेला आहे. प्रस्तुत लेखात तो एका सूत्रात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

कादंबरीची धास्ती

'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाले, 'मुक्तामाला' १८६१ साली. त्यानंतरच्या दशकभरात अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे पीक इतके फोफावले की १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांना 'नावल व नाटक' या विषयावर स्वतंत्र निबंध लिहावासा वाटला. हा निबंध आपण समीक्षेच्या इतिहासात शिकवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यामागे एक घरगुती अस्वस्थताही होती. छापलेले पुस्तक ही एकट्याने, मनातल्या मनात वाचण्याची वस्तू होती. पुराण ओसरीवर दहा जणांत ऐकले जाई. कादंबरी माडीवर एकट्याने वाचली जाई. वाचणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय चालले आहे, हे घरातील वडील माणसांना कळण्याचा मार्ग उरला नव्हता. कादंबरीने मुले आणि सुना बिघडतात, या त्या काळच्या तक्रारीचे मूळ कथानकांइतकेच या एकांतात होते, असे आम्हाला वाटते. आज बंद खोलीच्या दाराखालून रात्री दिसणारा मोबाइलचा प्रकाश पालकांना जो घोर लावतो, तो याच जातीचा आहे.

या धास्तीला हरि नारायण आपट्यांनी दिलेले उत्तर लक्षणीय आहे. त्यांनी कादंबरी टाकून दिली नाही. १८९० साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले आणि 'पण लक्षांत कोण घेतो' तेथे क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. नावातच करमणूक असलेले, पण घरातील सर्वांसमोर उघडता येईल असे हे पत्र होते. वासुदेव गोविंद आपट्यांनी १९०६ साली मुलांसाठी 'आनंद' काढला, पाठ्यपुस्तक मंडळाने १९७१ साली 'किशोर' सुरू केला. ही सगळी एकाच परंपरेची पावले होत : काढून घेण्याऐवजी अधिक चांगले काही हाती देणे. आमच्या निजामी मुलखाची कथा थोडी निराळी. येथे १९४८ पर्यंत राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्यामुळे मुलांनी मराठी पुस्तक वाचू नये यापेक्षा ते त्यांच्यापर्यंत पोहोचावे कसे, हीच विवंचना मोठी होती.

प्रश्न विचारण्याची जागा

मुले चोरून पाहतात त्यातील पुष्कळसे त्यांना विचारायचे असते आणि विचारायला जागा नसते. हे आपल्याकडे सर्वांत स्पष्टपणे ओळखले ते रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. गणिताच्या या प्राध्यापकाला आपल्या मतांपायी विल्सन कॉलेजमधील नोकरी सोडावी लागली. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. लैंगिक शंका विचारणाऱ्या वाचकांना त्यांनी छापील उत्तरे दिली, तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू न्यायालयात मांडली. लोकांना शंका असतील आणि त्यांना उत्तर द्यायचे असेल, तर त्या उत्तराला अश्लील कसे म्हणावे, असा त्या युक्तिवादाचा गाभा होता. निकाल विरुद्ध गेला.

हा खटला आपण अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या संदर्भात शिकवतो. पालकांच्या प्रश्नाच्या संदर्भातही तो शिकवावा, असे आमचे मत आहे. ज्या शंकेला घरात आणि वर्गात उत्तर मिळत नाही, ती शंका विझत नाही. ती दुसरे दार शोधते. त्या काळी ते दार एका मासिकाचे होते आणि आत एक जबाबदार, अभ्यासू माणूस बसला होता. आज चौदा वर्षांचा मुलगा तीच शंका पडद्यावर टाइप करतो तेव्हा आत कोण बसले आहे, हे त्यालाही ठाऊक नसते आणि आपल्यालाही.

दार आणि पडदा

सिनेमा आला तेव्हा सरकारला पहाऱ्याची सोपी जागा सापडली. १९१८ चा कायदा आणि पुढे १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा यांनी चित्रपटाला प्रमाणपत्र सक्तीचे केले. केवळ प्रौढांसाठी असलेल्या चित्रपटाला मुलांना आत सोडायचे नाही, हे काम चित्रपटगृहाच्या दारावरील माणसाचे. दार होते, म्हणून द्वारपाल शक्य होता.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले आणि काही वर्षांत आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावीही सायबर कॅफे दिसू लागले. लाकडी फळ्यांचे खण, त्यांना कापडी पडदे, तासावर पैसे. २००१ साली इंटरनेटवरील अश्लील संकेतस्थळांविषयी एक तक्रारपत्र मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे गेले. न्यायालयाने त्यालाच याचिका मानले आणि अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी समिती नेमली. समितीचा अहवाल जानेवारी २००२ मध्ये सादर झाला. संकेतस्थळे सरसकट बंद करण्याचा मार्ग समितीने मान्य केला नाही. तिचा भर साध्या गोष्टींवर होता : अल्पवयीन मुलांनी बंद खणात न बसता सर्वांना दिसेल अशा मोकळ्या जागेतील संगणक वापरावा आणि त्यावर चाळणीची आज्ञावली असावी. केंद्राचे सायबर कॅफेविषयीचे नियम २०११ साली आले. त्यांत खणाची उंची साडेचार फुटांपेक्षा अधिक नसावी आणि उघड्यावरील संगणकांचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून असावेत, असे सांगितले आहे. ओळखपत्र नसलेल्या अल्पवयीनासोबत प्रौढ व्यक्ती हवी, अशीही अट आहे.

आम्हाला ही साडेचार फुटांची तरतूद फार बोलकी वाटते. दाराची जागा येथे पडद्याच्या दिशेने घेतली आहे. मुलाला हाकलायचे नाही. त्याच्या खांद्यावरून कोणाची तरी नजर सहज जाईल, एवढेच पाहायचे. उपाय शहाणपणाचा होता. फक्त त्याला उशीर झाला. नियम होईपर्यंत कॅफेची सद्दी ओसरू लागली होती. २०१६ मध्ये स्वस्त डेटा आला, तेव्हा त्या कॅफेंची ऑनलाइन अर्ज भरण्याची आणि झेरॉक्सची दुकाने होत गेली. पडदा खिशात गेला. खिशाला द्वारपाल नसतो आणि साडेचार फुटांची मर्यादाही नसते.

आमची एक चूक

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि तोवर मोबाइलला नकार देणाऱ्या पालकांनीच तो मुलांच्या हाती दिला, कारण वर्गच त्यात भरू लागला. कर्ज काढून फोन घेणारे बाप आम्ही पाहिले. त्यानंतरचा एक प्रसंग येथे सांगणे भाग आहे.

अकरावीतील एक विद्यार्थिनी आठ दिवस वर्गात आली नाही. आली तेव्हा तिने आमच्यापैकी एकीला सांगितले की तिच्या नावाने कोणीतरी खोटे खाते उघडले आहे, त्यावर तिची छायाचित्रे बदलून टाकली आहेत आणि पैशांची मागणी होत आहे. आमच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला : "पण तू फोटो टाकलाच कशाला?" मुलगी गप्प झाली. पुढचे दोन दिवस ती एक शब्द बोलली नाही. नंतर कळले की घरी तिने मुळीच सांगितले नव्हते. तिचे गणित सरळ होते : घरी सांगितले की फोन जाईल, फोन गेला की कॉलेजही जाईल. धमकी देणाऱ्यापेक्षा तिला आपल्याच माणसांची भीती अधिक होती, आणि धमकी देणारा नेमका त्याच भीतीवर जगत होता.

वर्गात कादंबरीतील मुक्या झालेल्या स्त्रियांवर व्याख्याने देणारे आम्ही, समोरची मुलगी मुकी करून बसलो होतो. पुढे आई-वडिलांना विश्वासात घेतले, संदेश पुसून न टाकता जपून ठेवले, तक्रार दिली, खाते बंद झाले. वडील शेवटी एवढेच म्हणाले, "आधी बोलली असती तर." ती आधी का बोलली नाही, याचे उत्तर त्यांच्याइतकेच आम्हीही देणे लागत होतो.

दोन गावे

२०२२ साली महाराष्ट्रातील दोन गावांनी या प्रश्नावर आपापले उत्तर शोधले. यवतमाळ जिल्ह्यातील बांशी गावच्या ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे देवळावरील भोंगा संध्याकाळी सात वाजता वाजू लागला. तो वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद, मुले अभ्यासाला. दोन्ही गावांची कळकळ सारखीच खरी आहे. परंतु ठरावांच्या रचनेत फरक आहे. पहिला ठराव मुलांना बांधतो. दुसरा आईची मालिका आणि बापाचा मोबाइलही त्याच भोंग्याला बांधतो. आपट्यांचा 'करमणूक' आणि समितीचा मोकळ्या जागेतील संगणक यांचे नाते या दुसऱ्या ठरावाशी आहे. ज्या नियमात वडीलधारे स्वतः सामील होतात, तो मुलांना शिक्षा न वाटता घराची रीत वाटतो.

याचा अर्थ सगळे घरावर सोपवावे असा नाही. २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात आलेले ६७ ब हे कलम आणि २०१२ चा पोक्सो कायदा मुलांचे संरक्षण करतात. मात्र वर्गमैत्रिणीचे आक्षेपार्ह छायाचित्र गंमत म्हणून पुढे पाठवणारा मुलगाही याच कायद्यांखाली येऊ शकतो, हे मुलग्यांच्या पालकांनी मुलांना सांगितले पाहिजे. जबाबदारीचा धडा केवळ मुलींनी घ्यायचा नसतो. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अल्पवयीनांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट आहे. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. म्हणजे दारावर पुन्हा माणूस उभा करण्याचा प्रयत्न जगभर सुरू आहे. तो करावा. पण त्या दाराच्या आत जे घडेल ते मूल कोणाला सांगणार, हा प्रश्न कोणताही कायदा सोडवू शकत नाही.

जालन्याला जुनी माणसे 'सोने का पालना' म्हणत. पाळण्याची दोरी हातात असते तोवर पहारा सोपा असतो. मूल पाळण्यातून उतरले की दोरी उपयोगाची नाही. पालक मेळाव्यात आता आम्ही मोबाइल द्यावा की काढून घ्यावा, याचे उत्तर देत बसत नाही. १०९८ ही बालकांची आणि १९३० ही सायबर फसवणुकीची मदतवाहिनी फळ्यावर लिहितो आणि पालकांना एक वाक्य आज रात्रीच मुलांना सांगायला सुचवतो : "काहीही झाले तरी आधी मला सांग, फोन काढून घेणार नाही." काही पालक मान हलवतात, काही हसतात. सांगायला सोपे आणि पाळायला फार अवघड असे हे वाक्य आहे, हे आम्ही त्यांना लपवून ठेवत नाही. आमच्या हातून ते एकदा मोडले आहे.