साठीतले मास्तर आणि हायड्रोजनच्या चार रेषा

बारावीला किंवा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला तुम्ही हायड्रोजनच्या वर्णपटावरचा प्रश्न नक्की सोडवला असेल. लायमन, बामर, पाश्चेन, ब्रॅकेट, फंड. मीही हा क्रम पाढ्यासारखा पाठ केला होता. त्यातले 'बामर', म्हणजे योहान याकोब बाल्मर, हे मुलींच्या शाळेत शिकवणारे मास्तर होते, हे मात्र मला पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी कळलं. त्यांचं सूत्र छापून आलं १८८५ साली. तेव्हा ते साठ वर्षांचे होते. आपल्याकडे शाळेतले शिक्षक अठ्ठावन्नला निवृत्त होतात. माझी आईही तशीच निवृत्त झाली, नारळ आणि शाल घेऊन. म्हणून हा आकडा वाचून मी जरा थांबलोच.

मी हे वाचायला का लागलो तेही सांगतो. प्रोग्रेस सेमिनारमध्ये मी माझ्या डेटामधून निघालेला एक संबंध दाखवला होता. रेघ बिंदूंवरून इतकी छान जात होती की मी खूश होतो. पॅनेलमधल्या एका सरांनी विचारलं, "याचं कारण काय?" मला सांगता येईना. "मग हे नुसतं कर्व्ह फिटिंग झालं," म्हणाले. चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तेव्हा कुणीतरी म्हणालं, बाल्मरनेही कारण सांगितलं नव्हतं, जाऊन वाच. मी स्वतःची बाजू मांडायला पुरावा मिळेल म्हणून वाचायला बसलो. पुरावा मिळाला, पण तो माझ्या बाजूने नव्हता. ते पुढे येईलच.

बाल्मर १ मे १८२५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळच्या लाउसेन गावात जन्मले. कार्ल्सरूह आणि बर्लिनला गणित शिकले. १८४९ मध्ये बाझेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, विषय होता सायक्लॉइड, म्हणजे फिरत्या चाकाच्या कडेवरचा बिंदू काढतो ती वक्ररेषा. त्यानंतर बाझेल सुटलं नाही. तिथल्या मुलींच्या शाळेत नोकरी, घरी सहा मुलं आणि १८६५ ते १८९० विद्यापीठात जोडीला व्याख्यानं. प्रोफेसर कधीच झाले नाहीत. आवड भूमितीची, भौतिकशास्त्राशी साठीपर्यंत त्यांचा म्हणावा असा संबंध नव्हता.

संबंध होता तो चर्चशी आणि बायबलशी. बाझेल हे १५२९ पासून प्रॉटेस्टंट सुधारणेचं शहर. तुम्ही कोकणातले असाल तर या शहराच्या धर्मनिष्ठेची एक खूण घराच्या छपरावर पाहिली असेल. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये काढला तो बाझेल मिशनच्या लोकांनी. (बाल्मर यांचा कौलांशी काही संबंध नाही. पण त्या वातावरणात श्रद्धा आणि मोजमाप एकमेकांना परके नव्हते, एवढंच सांगायचंय.)

बाल्मर यांनी सूत्राच्या दोन दशकं तरी आधी एक अभ्यास केला होता, यहेज्केल संदेष्ट्याला दृष्टान्तात दिसलेल्या मंदिराचा. बायबलमध्ये यहेज्केलच्या पुस्तकाचे शेवटचे नऊ अध्याय, ४० ते ४८, काढून बघा. एक माणूस हातात सहा हात लांबीची मोजकाठी घेऊन फिरतोय आणि दरवाजे, भिंती, अंगणं मोजतोय. परमपवित्र स्थान २० हात बाय २० हात, त्याच्यापुढचा भाग ४० बाय २०. असे आकडेच आकडे. चित्र मात्र एकही नाही. बाल्मर यांनी या आकड्यांवरून ती न बांधलेली इमारत कशी दिसली असती ते मांडायचा प्रयत्न केला.

भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत हे प्रकरण जरा हसून सांगतात. मास्तर विक्षिप्त होते, आकड्यांचा नाद होता, मंदिरांत आणि पिरॅमिडच्या पायऱ्यांत प्रमाणं शोधायचे, त्यात एकदा नशिबाने हायड्रोजन हाती लागला, असा सूर असतो. मला हा सूर पटत नाही. मोजलेले आकडे हातात आहेत, रचना दिसत नाही, आणि रचना असणारच अशी खात्री आहे. मंदिराच्या बाबतीत ही खात्री श्रद्धेतून येत होती. हायड्रोजनच्या बाबतीतही तिचा उगम फार वेगळा असेल असं मला वाटत नाही. नशिबाचा भाग असेल तर एवढाच की या खेपेला तपासायला निसर्ग समोर होता.

आता आकड्यांकडे येऊ. कॅल्क्युलेटर घ्या, खरंच घ्या. स्वीडनच्या अँगस्ट्रॉमने हायड्रोजनच्या दिसणाऱ्या चार रेषांच्या तरंगलांब्या मोजल्या होत्या. मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागात त्या अशा: ६५६२.१०, ४८६०.७४, ४३४०.१ आणि ४१०१.२. पहिलीला दुसरीने भागा. १.३५ येतं, म्हणजे २७/२०. दुसरीला चौथीने भागा, १.१८५२, म्हणजे ३२/२७. हे बाल्मरच्या आधी स्टोनीला, 'इलेक्ट्रॉन' हा शब्द ज्याने दिला त्याला, १८७१ मध्ये दिसलं होतं. त्याला वाटलं, तंबोऱ्याच्या तारेतून जसे वरचे स्वर निघतात तसे हे एकाच मूळ कंपनाचे विसावे, सत्ताविसावे आणि बत्तिसावे स्वर असावेत. तीन रेषा चपखल बसल्या. तिसऱ्या क्रमांकाची रेषा, ४३४०.१ वाली, काही केल्या बसेना. तिचा स्वर सव्वातिसावा निघतो, आणि असा स्वर नसतो.

प्रकाश हाही कंपनच, मग ध्वनीची उपमा घ्यायची, हा भौतिकशास्त्रज्ञांचा रुळलेला रस्ता होता. बाल्मर त्या रस्त्याने वाढलेच नव्हते. त्यांनी चारही रेषांना सामावेल असा एकच पायाभूत आकडा काढला: ३६४५.६. त्याला ९/५ ने गुणा, पहिली रेषा. ४/३ ने गुणा, दुसरी. २५/२१ ने तिसरी, ९/८ ने चौथी. आता दुसऱ्या आणि चौथ्या अपूर्णांकाला वर-खाली चारने गुणून लिहा: ९/५, १६/१२, २५/२१, ३६/३२. वरती ३, ४, ५, ६ यांचे वर्ग. खाली त्याच वर्गांतून २ चा वर्ग वजा. संपलं सूत्र. मोजलेल्या आणि काढलेल्या आकड्यांत फरक तरंगलांबीच्या चाळीस हजाराव्या भागाएवढा, त्याहून जास्त नाही. शाळेत अपूर्णांकांचा संक्षेप करायला शिकवतात. इथे उलटं करावं लागलं, संक्षेप सोडवावा लागला. अपूर्णांक आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला ते सुचावं यात मला तरी नवल वाटत नाही.

इथपर्यंत हे कर्व्ह फिटिंगच आहे. चार बिंदू आणि त्यांतून जाणारी एक रीत. सेमिनारमधल्या सरांनी बाल्मरनाही तोच प्रश्न विचारला असता आणि उत्तर मिळालं नसतं. पण बाल्मर इथे थांबले नाहीत. ३, ४, ५, ६ झाले, मग ७ चं काय? ४९/४५ ने गुणलं, ३९६९.६५ आलं. अशी पाचवी रेषा असायला हवी, आणि ती त्यांना माहीत नव्हती. त्यांनी ते लपवलं नाही. लेखात सरळ लिहिलं की एकतर ती दिसण्यासारखी परिस्थिती नसावी, नाहीतर सूत्र सगळीकडे लागू नसावं. आपलंच सूत्र चुकीचं ठरू शकेल अशी जागा त्यांनी स्वतः दाखवून ठेवली.

मग त्यांनी हे बाझेलचे भौतिकशास्त्राचे प्रोफेसर हागेनबाख यांना सांगितलं. हागेनबाख म्हणाले, अहो, रेषा तर आणखी कितीतरी मिळाल्या आहेत. फोगेल आणि हगिन्स यांनी जांभळ्या आणि अतिनील भागात मोजल्या होत्या, पांढऱ्या ताऱ्यांच्या प्रकाशातसुद्धा. ही मोजमापं मास्तरांनी पाहिलेलीच नव्हती. ती सूत्राशी जुळली.

मी माझा डेटा पुन्हा उघडला तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडे सातवा आकडाच नव्हता. जेवढे बिंदू होते तेवढे सगळे मी रेघ काढण्यात खर्च करून टाकले होते. तपासायला एकही मागे ठेवला नव्हता. सरांनी प्रश्न कारणाचा विचारला. माझी उणीव दुसरीच होती, पण उणीव होती. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असं काही असेल तर थोडा डेटा आजच बाजूला काढून ठेवा आणि त्याच्याकडे बघूही नका.

कारण कळायला पुढे अठ्ठावीस वर्षं लागली. १८८८ मध्ये रिडबर्गने सूत्र व्यापक केलं. २ च्या जागी १ घातला की मिळणाऱ्या रेषा लायमनला १९०६ मध्ये सापडल्या, ३ घालून मिळणाऱ्या पाश्चेनला १९०८ मध्ये. १९१३ च्या सुरुवातीला नील्स बोहर अणूची रचना मांडत होता आणि वर्णपटाकडे त्याचं लक्षच नव्हतं. फुलपाखराच्या पंखावरच्या नक्षीतून जीवशास्त्राचा पाया कसा मिळणार, असं त्याला वाटायचं. हान्सन नावाच्या सहकाऱ्याने त्याला बाल्मरचं सूत्र बघायला लावलं. ते पाहिल्याबरोबर सगळं उलगडलं, असं बोहर पुढे सांगायचा.

बाल्मर यांनी वर्णपटावर आणखी एकच लेख लिहिला, १८९७ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. १२ मार्च १८९८ रोजी ते बाझेलमध्येच वारले. बोहरचा जन्म ७ ऑक्टोबर १८८५ चा, म्हणजे सूत्र छापलं त्याच वर्षीचा. मास्तर गेले तेव्हा तो कोपनहेगनमध्ये शाळेत शिकत होता, बारा वर्षांचा.