तांबड्या पेशीचा पडदा

चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली, हा मुलूख जंगलाचा आणि हिवतापाचा. एटापल्ली-भामरागडकडील माणसाला हिवतापाची ओळख करून द्यावी लागत नाही. सिकलसेलची मात्र द्यावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या घरात असलेल्या या आजाराचे नाव लोकांना फार उशिरा कळले. हे दोन्ही आजार जेथे एकमेकांना गाठतात, ती जागा म्हणजे रक्तातील तांबड्या पेशीचा पडदा. त्याची घडण कशी उलगडत गेली, ते आज आम्हांस सांगावयाचे आहे.

असे सव्वा लाख पडदे एकावर एक रचले, तर जाडी जेमतेम एक मिलिमीटर भरेल. १९२५ साली हॉलंडमधील लायडन येथे गोर्टर व ग्रेंडेल यांनी ही घडण डोळ्यांनी न पाहताच ओळखली. त्यांनी तांबडी पेशी निवडली, यातच खरी चतुराई होती. माणसाच्या या पेशीत केंद्रक नाही, आतले इतर पडदेही नाहीत. तेव्हा तिच्यातून निघेल तो सारा स्निग्धांश बाहेरच्या पडद्याचाच. तो त्यांनी अ‍ॅसिटोनने काढला, पाण्यावर एकपदरी पसरला आणि मोजला. क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. म्हणजे पडदा दुपदरी! पुढे कळले की, स्निग्धांश पुरता निघाला नव्हता आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते. दोन चुकांनी एकमेकींना खोडले व उत्तर बरोबर आले. शास्त्रज्ञालाही कधीकधी नशीब साथ देते, ते असे.

मोहाच्या बियांचे तेल पाण्यावर टाकले तर नुसता तवंग धरते. पडद्यातील स्निग्ध रेणूचे तसे नाही. त्याचे डोके पाण्याला धरून राहते, शेपट्या पाणी टाळतात. पेशीच्या आत पाणी, बाहेरही पाणी. म्हणून दोन्हीकडे डोकी आणि मध्ये शेपट्या, अशी मांडणी आपोआप होते. पण मीठ-साखर अशा पदरातून सहजी जात नाही. ती ने-आण प्रथिने करतात. ही प्रथिने पदराला बाहेरून लिंपलेली असावीत, असे १९३५ च्या सुमारास मानीत. १९७२ मध्ये सिंगर व निकोल्सन यांनी चित्र बदलले : पदर वाहता, आणि प्रथिने त्यात रुतलेली, काही आरपार गेलेली.

आता सिकलसेलकडे वळू. दोष हिमोग्लोबिनात आहे, हे पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखविले. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला व सोलंकी यांनी मध्य भारतातील आढळ प्रसिद्ध केला. दोष आतला, मग पडद्याचा संबंध काय? प्राणवायू उणा पडला की सदोष हिमोग्लोबिनचे दांडे बनतात व पेशी विळ्यासारखी वाकते. प्राणवायू मिळताच पूर्ववत होते. असे वारंवार घडून पडदा जायबंदी होतो. पोटॅशियम आणि पाणी निसटते, आतल्या पदराचे स्निग्ध रेणू बाहेर येतात, पेशी रक्तवाहिनीला चिकटते. आणि शेवटी काही पेशी वाकलेल्याच राहतात. एरवी १२० दिवस जगणारी पेशी १० ते २० दिवसांत संपते. रोग्याच्या हाडांतील कळांना ढोंग म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

हिवतापाचा परोपजीवी पडद्यावरील प्रथिनांना धरूनच आत शिरतो. फाल्सिपेरम जातीचा तर आत गेल्यावर स्वतःचे प्रथिन पडद्यावर उभारतो व त्याच्या आधारे पेशीला बारीक रक्तवाहिन्यांत चिकटवून ठेवतो. ज्याला एकाच पालकाकडून सिकलसेलचा अंश आला, त्या वाहकाच्या पेशीवर हे प्रथिन पुरते उभे राहत नाही. वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळते, हे अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखविले होते. त्याचे एक कारण असे पडद्यात सापडले. हिवतापाच्या प्रदेशांत हा दोष टिकला तो यामुळे. तेव्हा वाहक म्हणजे रोगी नव्हे, आणि त्यावरून मुलीचे लग्न मोडणे हे तर अडाणीपणाचे. प्रश्न येतो तो दोघेही वाहक असतील तेव्हा. मग प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारांत एक.

पहिली तपासणी सोपी आहे. रक्ताचा थेंब ज्या द्रवात टाकतात, त्यात रिठ्यात असतो तशा जातीचा फेसाळ पदार्थ असतो. तो पडदा फोडतो, हिमोग्लोबिन बाहेर येते. द्रव गढूळ होऊन मागच्या कागदावरील रेघा दिसेनाशा झाल्या, तर सिकलसेलचा अंश आहे असे समजावे. वाहक की रोगी, ते पुढे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या तपासणीने ठरते.